वाचकांचे प्रश्न : झिजलेले वीरगळ, रात्रीचा दशावतार आणि जुने फोटो

प्रश्न : गावच्या देवळाबाहेर तीन वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड) आहेत. डोळ्यांना शिल्पं दिसतात, पण मोबाइलच्या फोटोत दगड नुसता सपाट येतो. खडू किंवा पीठ चोळून फोटो काढावेत का?

मुळीच नको. खडू, पीठ, हळद, तेल यांतलं काहीही दगडाला लावू नका. भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते आणि ओल धरून ठेवते. शिवाय खडू फिरवणारा स्वतःला दिसतं तेवढंच गिरवतो. मूळ रेषा कोणती आणि गिरवलेली कोणती, हे नंतर येणाऱ्याला कळत नाही. शेंदूर असेल तर तोही खरवडू नका. त्या दगडाची पूजा चालू असते आणि ती नोंदीचाच भाग आहे.

फोटो सपाट येतो तो उजेड समोरून पडल्यामुळे. मोबाइलचा फ्लॅश किंवा पाठीमागचं ऊन उठावाची सावलीच पडू देत नाही. उजेड दगडाला घासून गेला पाहिजे, म्हणजे पृष्ठभागाशी 10 ते 20 अंशांचा कोन करून. वीरगळाचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन थेट अंगावर येतं, म्हणून साडेअकरानंतर जा. त्या वेळी ऊन वरून घसरत उतरतं. पश्चिमेकडे तोंड असेल तर दुपारी एकच्या आसपास जा. उत्तरेकडच्या दगडाला बहुतेक वर्षभर नीट ऊन मिळत नाही, त्याचे फोटो अंधार पडल्यावर टॉर्चच्या उजेडात काढा.

टॉर्चसाठी मोबाइल किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, दगडाच्या मध्याच्या उंचीवर आणि दगडाला समांतर. 2 सेकंदांचा टायमर ठेवा. कॅमेरा असेल तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/8 आणि फोकस हाताने. मोबाइलची वाइड लेन्स टाळा, तिच्यात कडा फाकतात. मागे सरकून 2एक्स वापरा. टॉर्च दगडाच्या उंचीच्या निदान दीडपट लांब धरा. जवळ धरली तर एक कड पांढरी जळते आणि दुसरी काळोखात जाते. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि तिरकं, असे कॅमेरा न हलवता चार फोटो घ्या. खालून उजेड टाकू नका. उठाव खोलगट असल्याचा भास होतो. अक्षरं असतील तर आडव्या रेघा वरच्या उजेडात आणि उभे दंड बाजूच्या उजेडात उठतात, त्यामुळे एकाच फोटोवरून लेख वाचायला जाऊ नये.

वीरगळ खालून वर वाचतात : खाली लढाई किंवा गाई पळवण्याचा प्रसंग, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. म्हणून प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो खालून वर क्रमाने काढा. सगळ्यात खालची चौकट बऱ्याचदा मातीत गाडलेली असते. उकरू नका, ‘खालचा भाग जमिनीत’ अशी नोंद करा. बाजू आणि पाठ यांचेही फोटो हवेत, कारण कोरलेली अक्षरं तिथेही सापडतात. एका फोटोत 10 सेंटिमीटरची पट्टी ठेवा, एक पट्टीशिवाय घ्या आणि एक दुरून, दगड देवळापासून कुठे उभा आहे ते दाखवणारा. दगड हलवले की पहिल्यांदा हरवते ती हीच माहिती.

प्रश्न : दशावताराच्या रात्रीच्या प्रयोगावर दहा मिनिटांचा लघुपट करतो आहे. चित्रणात काळे पट्टे सरकताना दिसतात आणि झांजेत संवाद बुडतात.

पट्टे येतात ते दिव्यांमुळे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. मोबाइल सहसा सेकंदाला 30 फ्रेमवर चित्रण करतो, दोघांचं जुळत नाही. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा. मंच फार उजळ असेल तर 1/100. स्वस्त एलईडी माळांवर तरीही थोडी थरथर राहू शकते, तेव्हा प्रयोगाआधी एक मिनिट चित्रण करून पाहा.

आवाजाकडे मात्र चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. दशावतारातले संवाद नट मंचावर उत्स्फूर्त रचतात. हाती संहिता नसते, त्यामुळे हरवलेलं वाक्य नंतर कुठून भरून काढता येत नाही. कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नका. स्वतंत्र रेकॉर्डर मंचाच्या पुढच्या कडेला, मृदंग-झांजेच्या विरुद्ध बाजूला ठेवा. ध्वनिक्षेपक असेल तर मिक्सरमधूनही जोड घ्या, पण रेकॉर्डरवर ‘लाइन’ निवडायला विसरू नका. ‘माइक’वर राहिलं तर आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही. पातळी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा सुरुवातीचा भाग, चालू असतानाच लावून घ्या. झांजेचा सगळ्यात मोठा ठोका उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये बसला पाहिजे. स्वयंचलित पातळी बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोक्यानंतर यंत्र आवाज खाली ओढतं आणि पुढचे दोन शब्द गिळतं. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, संकलनात चित्र-आवाज जुळवायला तीच लागते.

100 मेगाबिट दराने तासाला 45 जीबी जागा जाते. रात्रभर सगळं टिपत बसण्यापेक्षा आवाज अखंड घ्या आणि चित्रण निवडक करा. नट आपला चेहरा स्वतः रंगवतात. दहा मिनिटांच्या लघुपटाचा कणा त्या रंगकामातच मिळेल. तिथे प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरा. मंडळाच्या मालकाची आणि नटांची संमती आधी घ्या, शक्य तर लेखी. कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा आपल्या प्रयोगावरचा हक्क 50 वर्षं टिकतो, आणि यूट्यूबवर टाकणं हा वेगळा वापर आहे हे त्यांना स्पष्ट सांगा.

प्रश्न : अजिंठ्यात फ्लॅशशिवाय फोटो कसे काढायचे?

चित्रं असलेल्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते. आयएसओ 3200च्या आसपास ठेवा, कोपर पोटाशी घट्ट धरा, श्वास सोडताना आठ-दहा फोटो सलग घ्या. त्यांतला एखादा स्थिर निघतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोतला रंग जुळवणारी सेटिंग) एकदाच ठरवून टाका, नाहीतर एकाच भिंतीचा रंग प्रत्येक फोटोत वेगळा येतो. खांबाला किंवा भिंतीला टेकू नका.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातला लेण्याचा एक फोटो मिळाला आहे. त्याच जागेवरून आजचा फोटो घ्यायचा आहे.

जुन्या फोटोत पुढची आणि मागची अशा जवळजवळ टेकलेल्या दोन कडा शोधा, उदाहरणार्थ पुढच्या खांबाची कड आणि मागच्या खिडकीचा कोपरा. तुम्ही डावी-उजवीकडे सरकता तसं त्यांच्यातलं अंतर बदलतं. ते जुन्या फोटोइतकं झालं की आडवी जागा सापडली. अशीच एक जोडी उंचीसाठी वापरा. पुढे-मागे किती जायचं, ते खांब आणि मागची भिंत यांच्या आकारांच्या प्रमाणावरून ठरतं. झूमने हे प्रमाण बदलत नाही, जागा बदलली तरच बदलतं. म्हणून लेन्स कोणती याची काळजी सोडा, थोडी रुंद चौकट घेऊन नंतर कापा.

जुन्या काचपट्टीच्या कॅमेऱ्यात लेन्स वर सरकवता येई, त्यामुळे उंच दर्शनी भागही सरळ येत. मोबाइल वर कलवलात तर खांब आत झुकतात. तो उभा, सरळ धरा आणि जास्तीची जमीन कापून टाका. सावलीही जुळवायची असेल तर ती जुळणाऱ्या तारखा वर्षात साधारण दोनच असतात, 21 जूनच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच अंतरावर. पावसाळ्यातली तारीख निघाली तर दुसरी धरा.