शिवणाच्या वर्गात नव्याने आलेल्या मैत्रिणीला

पहिला आठवडा हात थरथरतील, टीप वाकडी जाईल. जाऊ दे. मीही घर सोडून आले तेव्हा मशीनच्या आवाजानेसुद्धा दचकायचे. झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनवरची सेवा आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तेही शिवण शिकण्याइतकंच महत्त्वाचं आहे, मागे टाकू नकोस.

कामाचं म्हणशील, तर लगेच ब्लाउजच्या कटिंगच्या मागे लागू नकोस. अस्तराचा ब्लाउज अंगावर नीट बसायला महिने जातात, आणि एक बिघडला की गिऱ्हाईक तुटतं. आधी फॉल-पिको हातात बसव. साडी आज आली की उद्या देता येते, रोख पैसे मिळतात. ते पहिले पैसे हातात आले तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते.

बँकेत खातं तुझ्या एकटीच्या नावावर काढ आणि मोबाइल नंबरही तुझाच दे. माहेरच्यांचासुद्धा नको, मग ते कितीही प्रेमाचे असोत.

कोर्टाची भीती वाटते म्हणालीस. बाईला मिळकत न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहण्याचा हक्क आणि खर्चाची मागणी, दोन्ही आहेत. जाताना मला सांग, मी सोबत येते.