ढोल वाजवून उपासना चालते का?

प्रश्न: चर्चचं म्युझिक म्हणजे ऑर्गन आणि कॉयर, हेच डोक्यात बसलंय. ढोल वाजवून, डोलत केलेली उपासना चालते का?

उत्तर: चालते की! ऑर्गन ही पश्चिम युरोपची सवय, धर्माचा नियम थोडाच आहे. इथिओपियात चौथ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म आहे, तिथले गायक आजही एका हातात लांब काठी, दुसऱ्यात छोटं खुळखुळणारं वाद्य घेऊन उभे राहतात, सोबत मोठा ढोल, आधी अगदी संथ डोलतात मग लय चढत जाते आणि काठ्या वरखाली व्हायला लागतात, एकदा व्हिडिओ बघाच. उलट रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यंच नाहीत, नुसता गळा (घंटा मात्र दणक्यात). कॅथलिकांनी तर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या बिशपांची मोठी बैठक) स्थानिक भाषा, स्थानिक संगीताला रीतसर जागा दिली. नाकं मुरडणारे काय, सगळीकडेच असतात.