कोर्टाआधी लायब्ररी
वकिलाकडे कारकुनी करायची म्हणतोस ना? मग सोलापूर कोर्टाच्या आवारात हिंडण्याआधी आठवडाभर कॉलेजच्या लायब्ररीत बस. ग्रंथपालांना सरळ विचार, 'एआयआर'चे, म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' या कोर्टाच्या निकालांच्या संग्रहाचे, खंड कुठे आहेत. 'एआयआर १९७३ एससी १४६१' म्हणजे वर्ष, सुप्रीम कोर्ट आणि पान. तो खंड काढ, केशवानंद भारती खटल्याचा निकाल स्वतः शोध. धूळ उडेल, पण एवढं जमलं तरी वकीलसाहेब खूश. जुन्या गाइडांच्या नादी लागू नकोस. १ जुलै २०२४पासून आयपीसीऐवजी, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेऐवजी, भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाला आता ३०२ नव्हे, कलम १०३. (त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनंच कलम हं.) मी घाईत चुकीचं कलम टाइप केलं होतं, सगळा अर्ज पुन्हा काढावा लागला. मराठी टायपिंगचा क्लास मात्र आजच लाव.