पोटगी थकली, आणि आता कमी करायचा अर्ज आला

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते, विड्या वळते. कोर्टाने दोन मुलांसाठी महिना ५ हजार पोटगी ठरवली आहे. सव्वा वर्ष झालं, एक पैसा आला नाही. आता नवऱ्याने टॉवेलचा कारखाना बंद पडल्याचं सांगून पोटगी २ हजार करा, असा अर्ज टाकलाय. लोक म्हणतात, तो महिनाभर आत जाऊन आला की बाकी फिटते. खरं का?

उत्तर : ताई, साफ खोटं. तुरुंग पैसे वसूल करण्यासाठी आहे, फेडीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८८ मध्येच सांगितलंय. तो आत जाऊन आला तरी बाकी त्याच्या डोक्यावर राहतेच.

पण तुम्ही घाई करा. वसुलीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. सव्वा वर्षातले पहिले महिने या मार्गातून निसटलेत आणि दर महिन्याला आणखी एक निसटतोय. निसटलेला पैसा बुडत नाही, दिवाणी मार्गाने मागता येतो (२०१३ चा निकाल), पण तो रस्ता लांबचा. म्हणून वसुलीचा अर्ज याच आठवड्यात द्या. तुमच्या हुकमावर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५ असेल. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ते १४४ आहे.

त्याच्या अर्जाने घाबरू नका. अर्ज टाकला म्हणून हुकूम थांबत नाही. कोर्ट लेखी बदल करेपर्यंत ५ हजारच चालू. कारखाने बंद पडतात हे आपण सोलापूरकर जाणतो, आणि काम खरंच गेलं असेल तर कोर्ट त्याचं ऐकेल. पण धडधाकट माणसाने अंगमेहनत करून बायकामुलांना पोसावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलंय. आज तो कुठे राबतो, हे शपथपत्रावर मागा. दुसऱ्या कारखान्यात लागला असेल तर शेजारच्या मागावरच्या माणसाला ते ठाऊक असतंच. आणि मुलं मोठी झाली, शाळेचा खर्च वाढला, म्हणून पोटगी वाढवून तुम्हीही मागू शकता. माझं ठाम मत, मागाच.

वकिलाची फी नको. बाईला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मोफत मिळतो. हुकमाची नक्कल, बँकेचं पासबुक आणि न मिळालेल्या महिन्यांची यादी घेऊन सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.