वाचक विचारतात : पिळाची लोखंडी सळई

प्रश्न : बोटीवर नोकरीला असलेल्या आजोबांनी पश्चिम आफ्रिकेतून आणलेली पिळाची लोखंडी सळई आमच्या घरी आहे, तिचे एक टोक आडव्या दांडीचे, दुसरे चपटे आहे. ती काय असावी? – एक वाचक, देवगड

उत्तर : वर्णनावरून ती ‘किसी पेनी’ असावी. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या प्रदेशांत विसाव्या शतकातही चाललेल्या या चलनाच्या जुड्या बांधून मोठे व्यवहार होत आणि वराकडून वधूच्या घरी देण्याच्या ऐवजातही त्या असत. सळई मोडली की तिच्यातला आत्मा निघून जातो, अशी तिथली श्रद्धा होती. विधिपूर्वक सांधल्याशिवाय ती पुन्हा चालत नसे. मला ही श्रद्धा फार मोलाची वाटते. आपल्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, म्हणून सळई घासू नये, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी.