बंपरवरचा पांढरा ठिपका

प्रश्न : १९५७च्या शेव्हरोले बेल एअर गाडीचं १:२५ मापाचं प्लास्टिक मॉडेलचं किट जोडतोय. पुढचा क्रोमचा बंपर, सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, तिच्यातून कापला, तर जोडाच्या जागी पांढरा ठिपका उरला. मधोमध साच्याची रेघही दिसते. ती घासली तर क्रोम जाणार. ठिपक्यावर चंदेरी रंग लावू, की बंपर सरळ इलेक्ट्रोप्लेटिंगला देऊ?

उत्तर : दोन्ही नको. चंदेरी रंगाचा ठिपका क्रोमवर हातभर अंतरावरून ओळखू येतो, मूळ पांढऱ्यापेक्षाही जास्त. आणि प्लेटिंगवाला बहुधा हात जोडेल. खऱ्या गाड्यांचे प्लास्टिकचे क्रोम भाग एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात. त्यातलं रबरासारखं ब्यूटाडाइन आम्लाने खाऊन बारीक खळगे पाडतात आणि त्यात धातू पकड घेतो. तुमचा बंपर पॉलिस्टायरिनचा, त्यात ही सोय नाही. शिवाय तांबं आणि निकेलचे थर चढले की ग्रिलच्या बारीक रेघा बुजल्याच म्हणून समजा.

मुळात किटमधलं क्रोम हे क्रोम नसतंच, ते ॲल्युमिनियम असतं. अख्ख्या फ्रेमवर आधी लॅकर मारतात, मग ती निर्वात पेटीत टांगतात. आत टंगस्टनच्या तापलेल्या तारेवर ॲल्युमिनियमची वाफ होते आणि ती भागांवर जाऊन बसते. वरून एक पारदर्शक हात. हा धातूचा थर मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ असतो, त्यामुळे रेघ तेवढी घासून क्रोम राखायचं, हे जमणारं काम नाही. सगळं उतरवा.

घरगुती ब्लीचमध्ये बंपर बुडवून ठेवा. काही किटांत मिनिटांत उतरतं, काहींत रात्र जाते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्यात बाथरूम क्लीनर किंवा अमोनियावालं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. चमक गेली म्हणजे झालं असं समजून पुष्कळजण इथेच थांबतात. बंपर उजेडात तिरका धरून बघा: अंगावर पिवळसर, काचेसारखा थर दिसेल, कोपऱ्यांत जरा जाडच. तेच ते खालचं लॅकर. रेघा बोथट दिसतात त्या त्याच्यामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, बंपरच विरघळेल.

आता रेघ घासा. पाणी लावून आधी ६००, मग १०००, शेवटी २००० नंबरचा पॉलिश पेपर. त्यावर चकचकीत काळा रंग. खरी मेहनत इथे आहे आणि घाईही नेमकी इथेच होते. काळ्यात जो ओरखडा, जो धुळीचा कण दिसेल, तो क्रोममध्ये दुप्पट दिसणार. काळा पूर्ण कडक होऊ द्या. नखाचा ठसा उमटत असेल तर अजून वेळ आहे. मग ॲल्क्लॅडसारखा क्रोम रंग एअरब्रशने, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय ठेवून, धुक्यासारखा विरळ मारा. काळं जेमतेम झाकलं की थांबा. आणखी एक हात मारलात की आरशाचा पत्रा होतो.

इतकं करूनही ते किटच्या क्रोमइतकं लखलखणार नाही, आणि माझ्या मते तेच बरं. खरं क्रोम ॲल्युमिनियमपेक्षा काळपट, किंचित निळसर असतं. किटमधल्या बंपरची चमक मला नेहमीच खेळण्यातली वाटते. ग्रिलच्या खाचांत पातळ काळा रंग सोडा आणि वरच्या कडा पुसून घ्या. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

प्रश्न : हेडलाइटचं क्रोम कडं सुपरग्लूने बसवलं. सकाळी त्याभोवती पांढरी बुरशी! साध्या मॉडेल सिमेंटने तर ते चिकटतच नव्हतं.

उत्तर : ती सुपरग्लूची वाफ. आसपास बसून घट्ट होते आणि चकचकीत भागावर लगेच डोळ्यांत भरते. सिमेंटचं म्हणाल तर ते प्लास्टिक वितळवून सांधतं. मध्ये धातू आणि लॅकर असेल तर वितळवणार काय? जोडाच्या जागचं क्रोम ब्लेडने खरवडा, सिमेंट धरेल. हेडलाइटची काच मात्र पांढऱ्या पीव्हीए गोंदाने बसवा, तो वाळला की पारदर्शक होतो.

प्रश्न : मोलोटोच्या क्रोम शाईच्या पेनाने रंगवलेली खिडकीची पट्टी झकास दिसत होती. क्लिअर (पारदर्शक वार्निश) मारलं आणि राखाडी झाली. का?

उत्तर : त्या शाईतले धातूचे कण सपाट पडलेले असतात म्हणून आरसा दिसतो. क्लिअरमधल्या द्रावकाने ते विस्कटले. आधी बॉडीला क्लिअर मारा, ते वाळू द्या, पेन सगळ्यात शेवटी. नंतर काही दिवस पट्टीला बोट लावू नका. मी स्वतः खिडक्यांना बेअर-मेटल फॉइल, म्हणजे चिकटणारा पातळ धातूचा पत्रा, वापरते. बंपरच्या गोलाईवर त्याला सुरकुत्या पडतात, पण सरळ पट्टीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ब्लेड मात्र दर खिडकीला नवं घ्या, बोथट पात्याने फॉइल कापलं जात नाही, फाटतं.