‘लोबोला’ म्हणजे हुंडा का?

प्रश्न असा आहे : झिम्बाब्वेतल्या स्त्रियांविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘लोबोला’साठी ‘हुंडा’ चालेल का?

नाही चालणार. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो, लोबोला हे लग्नातलं देणं मुलाकडून मुलीच्या माहेरी. दिशाच उलटी. शिवाय लोबोलासाठी मराठीत ‘देज’ हा शब्द आहेच. भिल्ल समाजाविषयी वाचताना तो हमखास भेटतो. ‘कन्याविक्रय’ मात्र टाळा. मुलीच्या बापाने अणुमात्रही शुल्क घेऊ नये, हा मनूचा शेरा त्या शब्दाला चिकटलेला आहे.

‘लोबोला’ हा झिम्बाब्वेतल्या न्देबेले भाषेतला शब्द. तिथल्याच शोना भाषेत ‘रोओरा’. तिथे पुरुष लग्न करतो ते ‘कुरोओरा’, बाई करते ते ‘कुरोओर्वा’. म्हणजे तिचं क्रियापद कर्मणी. परकं वाटलं? आपण ‘पोरगी कुठं दिली?’ विचारतोच की. ‘पोरगा कुठं दिला?’ फक्त दत्तक गेला असेल तर.

या देण्यात ‘मोंबे येउमाई’ नावाची एक गाय असते, वधूच्या आईची. (शोनात आईला ‘माई’ म्हणतात, निव्वळ योगायोग.) ती गाय आईच्या स्वतःच्या मालकीची, नवऱ्याच्या नव्हे. तिथे ‘स्त्रीधन’ हा शब्द छान बसेल.

आता न विचारलेलं एक. अशा मजकुरात कायद्याची भाषा येणारच, आणि पन्नाशीच्या बाईला ‘अल्पवयीन’ लिहिलंत तर वाचक हसेल. ‘अज्ञान’ आणि ‘सज्ञान’ ही आपल्या कोर्टातली जोडी वापरा. झिम्बाब्वेच्या रूढीच्या कायद्यात आफ्रिकन स्त्री वय वाढलं तरी अज्ञानच राहायची, कधी बापाच्या पालकत्वाखाली, कधी नवऱ्याच्या. 1982 च्या कायद्याने ती 18 व्या वर्षी सज्ञान झाली. तरीही 1999 मध्ये मगाया खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बापाचा वारसा थोरल्या मुलीला नाकारून सावत्र भावाला दिला, कारण रूढी. 2013 च्या राज्यघटनेतलं 80 वं कलम स्त्रियांच्या हक्कांआड येणाऱ्या रूढीच रद्दबातल ठरवतं. इथे ‘रद्दबातल’च लिहा, ‘अवैध’ पुळचट वाटतो.

पहिल्यांदा ‘लोबोला, म्हणजे देज’ असं लिहा. पुढे नुसतं लोबोला पुरे.